काळी पाकोळी, कमी काळी पाकोळी

(नाशिकच्या पक्षीनिरीक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, नाशिकच्या आकाशातल्या पाकोळ्या, म्हणजे इंग्रजीत स्विफ्ट, ओळखणं तसं सोपं. पुलाखालून भिरभिरत निघते, कंबरेवर पांढरा पट्टा असतो, ती घरपाकोळी. अंजनेरीच्या कड्यावर सूंऽऽ करत कानाजवळून जाते ती पांढऱ्या पोटाची, मोठी अल्पाइन स्विफ्ट. खरी पंचाईत होते मुलगा-सून स्पेनला गेल्यावर. मालागाहून फोटो येतो, "बाबा, ही कुठली?" निळ्या आकाशात एक काळा विळा, बस्स.

तिथे दोन उमेदवार असतात. कॉमन स्विफ्ट आणि पॅलिड स्विफ्ट. पहिलीला स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने 1758 साली नाव दिलं, दुसरीला इंग्रज पक्षीतज्ज्ञ शेलीने 1870 मध्ये. दोन्ही काळपट, दोन्हींचा गळा फिका. पुस्तकात लिहिलेलं असतं, पॅलिड जास्त तपकिरी. माझं म्हणणं, हे वाक्य आधी विसरा. कडक उन्हात कॉमनसुद्धा तपकिरी दिसते आणि ढगाळ आभाळासमोर पॅलिडसुद्धा कोळशासारखी. रंग किती गडद आहे हे बघू नका. एकाच पक्ष्याच्या अंगावर गडद-फिकं कुठे आहे, ते बघा.

पॅलिडची पाठ गडद, पण डोकं आणि कंबर तिच्याहून फिकी. पंखाच्या टोकाकडची लांब पिसं काळी आणि शरीराजवळची पिसं उजळ, त्यामुळे पंख दुरंगी वाटतो. चेहरा फिका, म्हणून डोळ्याभोवतीचा काळा डाग उठून दिसतो. पोटावर खवले खवले. कॉमनमध्ये हा फरक फारच पुसट, सगळं अंग जवळपास एकाच छटेचं.

हे दिसायला पक्ष्यामागे आकाश नको, डोंगर किंवा इमारत हवी. म्हणजे आपण उंचावर आणि पक्षी खाली. अंजनेरीवर अल्पाइन अशीच बघून डोळा तयार करता येतो. विमानाच्या तिकिटाची गरज नाही!

आकाराचंही सांगतात. पॅलिडचं डोकं रुंद, पंखांची टोकं जरा बोथट, शेपटीची खाच उथळ. खरं आहे, पण एकटा पक्षी सुसाट जात असताना यावर पैज लावू नका. शेजारी दुसरी जात उडत असेल तरच याचा उपयोग.

घोळ घालतात ती पिल्लं. कॉमनच्या त्या वर्षीच्या पिल्लाचं कपाळ पांढुरकं असतं, पिसांना फिक्या कडा असतात. खवलेदारपणा बघून लोक 'पॅलिड' म्हणून मोकळे होतात. आणि आशियातली कॉमनची पेकिनेन्सिस ही उपजात मुळातच फिकी. बीजिंगच्या समर पॅलेसमधल्या पक्ष्यांना 2014 साली प्रवासाची नोंद ठेवणारी चिमुकली यंत्रं बसवली, तेव्हा कळलं की ही मंडळी दक्षिण आफ्रिकेपर्यंत जातात. वाटेत अरबस्तानात अशी पाकोळी दिसली, तर केवळ फिकेपणावरून पॅलिड म्हणणं धोक्याचं.

मग कॅलेंडर बघा. युरोपातली कॉमन वर्षातून एकदाच वीण घालते आणि ऑगस्टपर्यंत बहुतेक निघून जाते. पॅलिड बऱ्याच ठिकाणी दुसऱ्यांदा वीण घालते, तिची पिल्लं ऑक्टोबरातही घरट्यात सापडतात. म्हणून इंग्लंडात ऑक्टोबरच्या अखेरीस काळी पाकोळी दिसली की तिथले पक्षीनिरीक्षक कामं टाकून धावतात. तारीख पुरावा नव्हे, पण फोटोसोबत ती मुलाकडून जरूर मागून घ्या. आणि चार-पाच फोटो मागा, त्यात एक तरी वरून काढलेला.