पूर्व भागाचा नकाशा

सोलापूरच्या पूर्व भागातले, म्हणजे विणकर आणि विडी कामगारांच्या वस्तीतले, काही तरुण आपल्याच भागाचा नकाशा काढत आहेत; पडद्यावरची ही चित्रफीत त्यांची आहे. इथे वाढलेल्या मुलाची ओळख एका शब्दात सांगून होत नाही. त्याच्या घरात तेलुगू बोलली जाते, शाळेत मराठी आणि गल्लीत कन्नड व दखनीही कानावर पडते. सर्वेक्षणाच्या छापील तक्त्यात मात्र मातृभाषेसाठी एकच रकाना असतो.

१८७७ साली सुरू झालेल्या ‘जुनी मिल’ या कापड गिरणीमुळे हे शहर गिरणगाव झाले. पुढे मोठ्या गिरण्या एकेक करून बंद पडल्या, तरी चादर आणि टॉवेलचे काम यंत्रमागांवर टिकून राहिले. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचे नाव आले, तेव्हा आराखड्यांची आणि आकडेवारीची बरीच चर्चा झाली; पण ज्यांना या शहरात पुढची चाळीस-पन्नास वर्षे काढायची आहेत, त्या तरुणांना कोणते प्रश्न पडतात, हेही तितक्याच आस्थेने विचारायला हवे. संशोधन करणे हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आहे, अशी मांडणी मानववंशशास्त्रज्ञ अर्जुन अप्पादुराई यांनी २००६ मध्ये केली. सहभागी संशोधनाचा पायाही तोच आहे: ज्यांच्या जगण्याचा अभ्यास व्हायचा, त्यांनीच प्रश्न ठरवायचा.

चित्रफितीत दिसणाऱ्या या तरुणांच्या गटाने रस्त्यांऐवजी आवाजाचा नकाशा काढायचे ठरवले. कोणत्या गल्लीत मागांची खडखड अजून ऐकू येते, कुठे ती थांबली आणि त्या जागी गोदाम किंवा शिकवणी वर्ग आला, याची नोंद ते दारोदार जाऊन करतात. माहिती घेण्याची वेळही त्यांना विचारपूर्वक ठरवावी लागली, कारण यंत्रमाग कामगाराची मजुरी उत्पादनावर आणि विडी कामगार बाईची हजार विड्यांच्या हिशेबाने ठरत असल्याने, मुलाखतीसाठी हात थांबला की मजुरी बुडते. म्हणून गटातली एक मुलगी वही बाजूला ठेवून आधी तेंदूची पाने कापू लागते. विड्या वळणाऱ्या मावशींचे बोट दोरा गुंडाळत राहते आणि बोलणेही चालू राहते. बाहेरून आलेल्या अभ्यासकाला हे सहसा जमत नाही, असे आम्हाला वाटते.

तयार नकाशा गल्लीत वाचून दाखवला, तेव्हा ‘बंद’ अशी खूण केलेल्या एका शेडवर एका वृद्ध विणकरांनी हरकत घेतली: तिथले दोन माग रात्रपाळीला चालतात. मुलांनी ती खूण खोडली, आणि आता दुसरी फेरी रात्री काढायची, असे ठरले आहे.