मत चिन्हाला, माणसाला की त्याच्या म्हणण्याला?

नमस्कार श्रोतेहो. आज निवडणुकीवर बोलायचंय. प्रचार चालू असला की हे बोलणं होत नाही, तेव्हा सगळे कर्णे एकदम वाजत असतात आणि जो तो आपल्या बाजूचाच ऐकतो, म्हणून जरा शांतता असतानाच बोलून घेऊ.

प्रश्न साधा आहे. आपण सातारा-सांगलीकडची माणसं मत देतो ते पक्ष बघून, का उमेदवाराचं म्हणणं काय आहे, कुठल्या प्रश्नावर तो काय भूमिका घेतो ते बघून? कुणालाही विचारा, लगेच उत्तर येतं, आम्ही काम बघतो. पण निकाल काढून बघितले की गोष्ट एवढी सोपी वाटत नाही.

2019 चं साताऱ्याचंच घ्या. मे महिन्यात उदयनराजे राष्ट्रवादीच्या घड्याळावर लोकसभेला सव्वा लाखाच्या आसपास मतांनी निवडून आले. सप्टेंबरात राजीनामा देऊन ते भाजपमध्ये गेले, ऑक्टोबरात पोटनिवडणूक लागली, 18 तारखेला साताऱ्यात ती पावसातली पवारसाहेबांची सभा झाली, उमेदवार निवडताना माझी चूक झाली असं ते भर पावसात बोलले, आणि 21 तारखेला मतदान होऊन श्रीनिवास पाटील 87 हजारांहून जास्त मतांनी निवडून आले. पाच महिन्यात असा पलटा. म्हणजे लोकांनी पक्ष धरला आणि माणूस सोडला, असंच वाटतं ना? पण थांबा. त्याच दिवशी विधानसभेचंही मतदान होतं. सातारा विधानसभेला शिवेंद्रराजे, तेसुद्धा त्याच राष्ट्रवादीतून त्याच वर्षी भाजपमध्ये गेलेले, ते कमळावर आरामात निवडून आले. एकाच खोलीत दोन मशीनं शेजारी शेजारी, बोटाला शाई एकदाच, आणि पक्ष सोडून आलेल्या दोघांचे निकाल मात्र दोन. लोकसभेला वाई, कोरेगाव, कराडचे दोन्ही मतदारसंघ, पाटण असा सगळा पट्टा धरून हिशोब होता आणि विधानसभेला घरचं अंगण, हा फरक आहेच, तरी पक्षांतराची शिक्षा म्हणून मत दिलं असं एका दमात म्हणता येत नाही. आणि 2024 ला तेच उदयनराजे कमळावर सातारा लोकसभा जिंकून आले.

सांगलीत तर आणखी गंमतशीर गुंता झाला. 2024 ला महाविकास आघाडीत सांगलीची जागा शिवसेना ठाकरे गटाला गेली, चंद्रहार पाटलांना, डबल महाराष्ट्र केसरी पैलवान. काँग्रेसवाल्यांना ते पटलं नाही, त्यांचेच विशाल पाटील, वसंतदादा पाटलांचे नातू, अपक्ष उभे राहिले, लिफाफा चिन्ह घेऊन, आणि लाखभर मतांनी जिंकले. आघाडीचा अधिकृत उमेदवार साठ हजारांच्या आसपास थांबला. आता याला काय म्हणायचं? पक्षानं सांगितलेल्या माणसाला मत दिलं नाही म्हणून पक्षनिष्ठा नाही म्हणायचं, का काँग्रेसच्याच माणसाला मत दिलं म्हणून पक्षनिष्ठाच म्हणायची? मला विचाराल तर दोन्ही नाही. ती वसंतदादांच्या घराला, त्या गटाला दिलेली साथ होती, त्यात दोन टर्म खासदार असलेल्या भाजपच्या संजयकाका पाटलांवरची नाराजी मिसळली. उमेदवारांच्या विचारांची, धोरणांची चर्चा त्यात मला तरी फार कमी ऐकू आली.

तर माझं म्हणणं हे आहे की आपल्याकडं ज्याला पक्षनिष्ठा म्हणतात ती बहुतेक वेळा गटाची निष्ठा असते. पक्ष म्हणजे गटाच्या अंगावरचा शर्ट, नेत्यानं बदलला की कार्यकर्तेही बदलतात. आणि शहरातली शिकलेली मंडळी याला लगेच अडाणीपणा म्हणून मोकळी होतात, ते मला अजिबात मान्य नाही. त्यामागं रोकडा हिशोब आहे, तो नीट बघा.

समजा वाळवा नाहीतर कराड तालुक्यातला दीड-दोन एकराचा शेतकरी. ऊसाची आडसाली लागण केली, जुलै-ऑगस्टची, ती सोळा-अठरा महिने रानात उभी. नोंद कारखान्याकडं. तोड कधी येणार ते कारखान्याचं शेती ऑफिस आणि चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा माणूस, यांच्या हातात. ऊसाला तुरा आला, वजन घटायला लागलं, ऊसतोडीची टोळी शेजारच्या गावात आलीय पण आपल्या रानात यायला तयार नाही, वर एंट्रीचे, म्हणजे रानात यायचेच वेगळे पैसे मागतायत. अशा वेळी तो माणूस कुणाला फोन करणार? गटाच्या गावातल्या माणसाला. तोच सोसायटीत संचालक, त्याचाच चुलतभाऊ दूध डेअरीला, पोरीच्या ॲडमिशनला शिक्षणसंस्थेत शब्द टाकायचा तरी तोच. आता निवडणुकीला तो म्हणाला, यंदा आपलं ठरलंय, कमळ किंवा तुतारी किंवा पंजा, तर त्या शेतकऱ्यानं जाहीरनामा वाचत बसायचं का? तो वर्षभराची सोय बघून बटण दाबतो. ग्रामपंचायतीला तर पक्षाचं चिन्हच नसतं, कपबशी, छत्री, शिट्टी असली चिन्हं, तरी गावात पॅनेल कुठल्या साहेबांचं नि कुठल्या दादांचं हे शाळेतल्या पोराला पण ठाऊक असतं.

चिन्हाचा विषय निघालाच तर तेही सांगतो. 1951-52 च्या पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी असायची, पेटीवर चिन्ह, आपल्या चिन्हाच्या पेटीत कागद टाकायचा. लिहिता-वाचता येणारे कमी होते, म्हणून ती सोय. पण त्यानं सवय लागली ती लागलीच. मशीन येऊन इतकी वर्षं झाली तरी आमच्याकडची म्हातारी माणसं अजून शिक्का कुठं मारायचा असंच विचारतात. 2015 पासून मशीनवर उमेदवाराचा फोटोसुद्धा यायला लागला. तरी 2024 ला साताऱ्यात काय झालं? तुतारी वाजवणारा माणूस हे उदयनराजेंच्या विरोधातल्या, शरद पवारांच्या राष्ट्रवादीच्या उमेदवाराचं चिन्ह, आणि दुसऱ्याच एका अपक्षाला ट्रम्पेट, आपण पिपाणी म्हणतो ते. उदयनराजे 32,771 मतांनी जिंकले आणि त्या पिपाणीला 37,062 मतं पडली. ती सगळीच चुकून पडली असं मी म्हणणार नाही, पण फारसा कुणाला माहीत नसलेल्या अपक्षाला एवढी मतं पडतात तेव्हा बरेच जण नाव न वाचता, फोटो न बघता चिन्हाच्या आठवणीवर बटण दाबून आलेत हे उघड आहे. याचं मला खरंच वाईट वाटतं. मत कुठल्याही बाजूचं असो, ते ज्याला द्यायचं त्यालाच पडायला पायजे.

मग विचारांवर मत आपल्याकडं कधी पडतच नाही का? पडतं की! 1957 ला क्रांतिसिंह नाना पाटील साताऱ्यातून लोकसभेवर गेले ते कम्युनिस्ट पक्षाकडून. आता साताऱ्यातली सगळी माणसं काय कम्युनिस्ट झाली नव्हती. पण प्रतिसरकार चालवलेला माणूस आणि संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न, दोन्ही एका जागी आले, त्या प्रश्नावर कोण कुठल्या बाजूला आहे हे गावागावात माहीत होतं आणि काँग्रेस एवढी बळकट असताना लोकांनी वेगळं बटण, म्हणजे तेव्हाची वेगळी पेटी निवडली. नंतर त्याच साताऱ्यानं यशवंतराव चव्हाणांना निवडून दिलं, आणि 1980 ला इंदिराबाईंची लाट असताना, यशवंतराव दुसऱ्या काँग्रेसकडून उभे असताना, तरीही त्यांनाच निवडून दिलं. अलीकडचं बघायचं तर सांगली जिल्ह्यातल्या जतचा पूर्व भाग. तिथल्या सीमेवरच्या गावांनी पाणी देत नसाल तर आम्ही कर्नाटकात जातो असे ठराव केले होते, 2022 च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी तेच ठराव काढून दाखवले आणि मुंबईत धावपळ सुरू झाली, म्हैसाळच्या विस्तारित पाणी योजनेला वेग आला. तिथं गट नाहीत का, भरपूर आहेत. पण सगळ्या गटांच्या माणसांनी एकच प्रश्न लावून धरला, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाला त्यावर बोलावं लागलं.

इथं कुणी म्हणेल, बरं झालं, मग पक्षबिक्ष सोडा, चांगल्या विचाराचा माणूस बघा आणि द्या मत. मीही पूर्वी असंच बोलणारी माणसं खूप ऐकलीत आणि ऐकायला ते छान वाटतं. पण कायदा बघायला लागतो. 1985 ला पक्षांतरबंदी कायदा आला, घटनेला दहावी अनुसूची जोडली गेली. त्यात असं आहे की पक्षानं व्हीप, म्हणजे असंच मत द्या असा आदेश, काढला आणि आमदार-खासदारानं त्याच्या विरोधात मतदान केलं तर पद जाऊ शकतं. म्हणजे तुम्ही ज्याला त्याच्या स्वतःच्या विचारांसाठी निवडून पाठवलं तो सभागृहात ऐन मतदानाला पक्ष सांगेल तसाच हात वर करणार. अपक्षाला व्हीप नाही, पण तो निवडून आल्यावर कुठल्या पक्षात शिरला तर त्याचंही पद जातं, म्हणून ते बाहेरून पाठिंबा देतात. आधी एक तृतीयांश आमदार फुटले तरी चालायचं, 2003 च्या दुरुस्तीनं ते बंद केलं, आता दोन तृतीयांशांनी विलीनीकरण केलं तरच सूट. तरी गेल्या काही वर्षांत आपल्या राज्यात दोन मोठे पक्ष कसे दुभंगले, खरा पक्ष कुणाचा नि चिन्ह कुणाचं यावर आयोगात आणि कोर्टात किती वाद झाले, ते तुम्ही बघितलंयच. त्यामुळं माणूस का पक्ष असा एकच निवडून चालत नाही, त्या माणसाचं मत काय, त्याच्या पक्षाचं मत काय, आणि दोघांचं जुळलं नाही तर हा काय करणार, हे तिन्ही विचारायला लागतं.

आणि विचारल्याशिवाय ते कळणार नाही. उमेदवार अर्ज भरताना फॉर्म 26 चं प्रतिज्ञापत्र देतो, सुप्रीम कोर्टाच्या 2002 च्या निकालामुळं ते आपल्याला मिळालं, त्यात गुन्हे, मालमत्ता, कर्ज, शिक्षण सगळं लिहिलेलं असतं, निवडणूक आयोगाच्या साइटवर कुणालाही बघता येतं, जरूर बघा. पण त्यात तुमचं अमुक प्रश्नावर मत काय असा रकाना नाही. तो आपल्यालाच भरून घ्यायला पायजे.

काय विचारायचं? मी दोन सांगतो. एक, ऊसाचे पैसे ऊस कारखान्याला पोचल्यापासून 14 दिवसांत द्यायचे आणि उशीर झाला तर 15 टक्के व्याज, हे 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशात लिहिलंय. उमेदवार स्वतः कारखान्याचा चेअरमन असेल, आपल्याकडं बऱ्याचदा असतोच, तर त्याला सभेत सरळ विचारा की या व्याजाबद्दल तुमचं म्हणणं काय, तुमच्या कारखान्यानं कधी दिलंय का. रागानं नको, आबा, बापू, दादा जे काय म्हणत असाल ते म्हणूनच विचारा.

दुसरं, अलमट्टी, कर्नाटकातलं कृष्णेवरचं धरण. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45 फूट. 2021 ला परत पूर. कर्नाटकाला अलमट्टीची उंची 519.60 मीटरवरून 524.256 मीटर करायचीय, कृष्णा पाणीतंटा लवादानं 2010 ला तशी मुभाही दिलीय. आपल्या पुराला अलमट्टी किती जबाबदार यावर तज्ज्ञांतसुद्धा एकमत नाही, हे मान्य. पण हा प्रश्न असा आहे की इथं पक्षाच्या मागं लपता येत नाही. कर्नाटकात काँग्रेस असो की भाजप, उंची वाढवायला दोघांचाही पाठिंबा राहिलाय. म्हणजे दोन्हीकडच्या उमेदवाराला आपल्याच पक्षाच्या तिकडच्या मंडळींविरुद्ध बोलायची तयारी आहे का ते इथं कळतं. तर भिलवडी, औदुंबर, हरिपूर, सांगलीवाडी, नदीकाठची जी जी गावं हे ऐकतायत त्यांनी पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की चहा द्या, हार घाला, आणि विचारा की उंचीच्या विरोधात तुम्ही पक्षाला लेखी पत्र देणार का, आणि नसाल देणार तर का नाही. मध्येच कुणी घोषणा द्यायला लागला तर त्याला थांबवा, उमेदवाराला पूर्ण बोलू द्या. मोबाईल चालू ठेवा, जे उत्तर येईल ते गावच्या ग्रुपवर टाका आणि पाच वर्षं डिलीट करू नका.