कॅनमधली कॉफी नुसती गार पिऊन मार्क देऊ नका

मंडळी, कॅनमधल्या कॉफीची चव घेऊन तिला मार्क द्यायचे तर कॅन उघडला की थेट तोंडाला लावायचा नाही, आधी काचेच्या ग्लासात ओतायचा. कॅनच्या त्या छोट्या भोकातून पिताना नाकापर्यंत वास पोचतच नाही आणि वासाशिवाय कॉफीचं काय कळणार हो. दुसरं म्हणजे एकाच कॉफीचे दोन ग्लास करा, एक फ्रिजमधला गार आणि एक तासभर बाहेर ठेवलेला. गार असताना जिभेला गोड कमी लागतं, वासही दबतो, म्हणून गार प्यायच्या पेयात साखर जरा जास्तच चालून जाते आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. तोच माल बाहेरच्या तापमानाला आला की साखरेचा चिकटपणा, जळकटपणा, कागदी वास सगळं उघडं पडतं. दुकानात विकली जाते ती गारच, त्यामुळं दोन्हीचे मार्क द्यायचे, पण माझा भरवसा दुसऱ्या ग्लासावर जास्त आहे.

आता ही चव अशी का लागते ते बघा. दूध घातलेल्या कॉफीचा पीएच ४.६ च्या वर असतो, म्हणजे ती फारशी आंबट नसते, अशा बंद डब्यात बोट्युलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जंतू वाढू शकतात आणि त्यांचे बीजाणू साध्या उकळण्यानं मरत नाहीत. म्हणून कॅन सील करून रिटॉर्टमध्ये, म्हणजे मोठ्या प्रेशर कुकरसारख्या यंत्रात, १२० अंशांच्या आसपास वाफेच्या दाबाखाली शिजवतात. एवढ्या तापात कॉफी आंबट होत जाते आणि आंबट झाली की दूध फाटायची भीती, म्हणून बऱ्याचदा त्यात खायचा सोडा घालतात, लेबलवर ५०० नंबर दिसला तर तो हाच. त्यात बियांचा फळासारखा हलका आंबटपणा जातो आणि दुधाला आटवल्याचा वास येतो. आपल्या सांगलीत बासुंदी कुणाला नवीन नाही, तो वास त्याच्याच जवळचा. त्याचे मार्क कापू नका, ती या प्रकाराची स्वतःची चव आहे. करपट, धातूसारखी किंवा तळाला गाळ बसलेली असेल तर मात्र बिनधास्त कापा.

म्हणूनच हिची तुलना ताज्या फिल्टर कॉफीशी करणं मला पटत नाही. जपानमध्ये यूसीसी कंपनीनं १९६९ साली कॅनमधली दूध-कॉफी आणली, तेव्हापासून तिथं हे वेगळं पेय म्हणूनच चालत आलंय, थंडीच्या दिवसांत मशीनमधून गरम कॅनसुद्धा मिळतो.

लेबल वाचायची सवय लावा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानं छापतात, म्हणजे साखर कॉफीच्या आधी आली तर कॉफीपेक्षा साखर जास्त, इतकं सरळ आहे. आणि १०० मिलीला १० ग्रॅम साखर लिहिली असेल तर २०० मिलीच्या कॅनमध्ये २० ग्रॅम, जवळजवळ पाच चमचे. लहान पोरांच्या हातात कॅन देणाऱ्यांनी हा हिशोब नक्की करावा, कॅफीन तर वेगळंच.

चव घेताना भुरका मारून प्या, लाजू नका, हवा मिसळली की वास नाकात चढतो. त्याआधी भडंग किंवा तिखट मिसळ खाऊ नका, मधे मधे साधं पाणी घ्या. आधी बिनदुधाची काळी, मग दुधाची, आणि हेझलनट, व्हॅनिलावाले सगळ्यात शेवटी, कारण त्यांचा सुगंध तोंडात रेंगाळतो आणि पुढच्या कॅनवर अन्याय होतो.