कॅसलटनचा सुळका आणि खडकातली ओल

श्रोतेहो, नमस्कार. अमेरिकेच्या युटा राज्यात, मोॲब गावापासून जवळच, कॅसल व्हॅली नावाचे खोरे आहे. तिथल्या मातकट, घसरड्या उताराच्या माथ्यावर सुमारे १२० मीटर उंचीचा, चौकोनी, तांबूस सुळका उभा आहे. त्याचे नाव कॅसलटन टॉवर.

सप्टेंबर १९६१ मध्ये लेटन कोर आणि हंटली इंगल्स या दोघांनी या सुळक्यावर पहिली यशस्वी चढाई केली. कोर तेव्हा तेवीस वर्षांचा होता आणि त्याचा पोटापाण्याचा धंदा गवंड्याचा होता, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते. त्यांची वाट आजही कोर-इंगल्स याच नावाने ओळखली जाते. तिच्यात एक अशी फट लागते, की तिच्यात मूठ अडकत नाही आणि सबंध अंगही मावत नाही. खांदा, कोपर आणि गुडघा रेटत इंचाइंचाने वर सरकावे लागते, आणि त्यातच खडकावर कॅल्साइट या खनिजाचा पांढरा, गुळगुळीत थर असल्यामुळे बुटाचा तळवा ठरत नाही.

हा सुळका विंगेट वालुकाश्माचा आहे. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्या दडपल्या जाऊन हा खडक तयार झाला. त्याच्या खालचे थर मऊ आहेत. ते झिजतात, वरच्या खडकाचा आधार जातो आणि उभ्या भेगांवरून मोठमोठे तुकडे सुटतात. हिवाळ्यात भेगांत शिरलेले पाणी गोठून फुगते आणि भेगा आणखी रुंदावते. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी गिर्यारोहकांकरवी माथ्यावर भूकंपमापक नेऊन ठेवला, तेव्हा हा अचल भासणारा सुळका सेकंदाला साधारण एकदा, डोळ्यांना न दिसणाऱ्या हेलकाव्याने सतत डोलत असतो, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून दिसून आले.

तिथे पाऊस थोडाच पडतो. उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या आसपास जातो, हिवाळ्यात रात्री शून्याखाली उतरतो, म्हणून चढाईसाठी वसंत आणि शरद हेच ऋतू सोयीचे. परंतु खरी काळजी घ्यावी लागते ती पाऊस पडून गेल्यावर. आपल्या सह्याद्रीतला काळा पाषाण भिजला की निसरडा होतो आणि वाळला की पूर्ववत पकड देतो. वालुकाश्म मात्र पाणी आत शोषून घेतो; वाळूच्या कणांना धरून ठेवणारा सांधा कमजोर होतो, आणि ज्या कंगोऱ्यावर कालपर्यंत निर्धास्त भार टाकला तोच हातात निखळून येतो. पृष्ठभाग उन्हात तासाभरात कोरडा दिसू लागतो, पण आतली ओल दोन-तीन दिवसही टिकते. म्हणून जाणते गिर्यारोहक खडकाकडे पाहून निर्णय घेत नाहीत. ते पायथ्याच्या वाळूत बोटे खुपसून वरचा कोरडा थर बाजूला सारतात. खालची वाळू गार आणि ओलसर लागली, तर त्या दिवशी चढाईसाठी दोराची गुंडाळी सोडतच नाहीत.