पंपात औषध भरायच्या आधी पंख मोजा

मंडळी, आपल्याकडे किडा दिसला की आपण त्याला भुंगा तरी म्हणतो नाहीतर माशी, आणि मोहोरावर दिसला तर थेट पंपात औषध भरायला घेतो. माझं म्हणणं एवढंच आहे की त्याआधी दोन मिनिटं तो किडा नीट बघा, कारण गट कळला की तोंड कसं असणार ते कळतं आणि तोंड कळलं की तो बागेचं काय करणार तेही कळतं.

पायांचं पटकन सांगून टाकतो. सहा पाय, डोकं-छाती-पोट असे तीन भाग, डोक्यावर दोन मिशा, म्हणजे कीटक. आठ पाय असले तर कोळी नाहीतर विंचू. आपली कुर्ली लांबची नातलग आहे, तिचे नांग्या धरून दहा.

आता पंख, आणि इथे जरा थांबूया. मोहोरावर काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची एक माशी हवेत एका जागी तरंगताना दिसते, सगळे तिला मधमाशीच समजतात. पट्टे विसरा, पंख मोजा. हिला दोनच असतात, मागच्या जोडीच्या जागी दोन बारीक गाठी उरलेल्या असतात, उडताना तोल सांभाळायला. म्हणजे ही माश्यांच्या गटातली, डास-घरमाशीची नातलग, हिला नांगीच नाही. मधमाशीला पंख चार, पण मागचे पंख पुढच्यांना बारीक आकड्यांनी अडकवलेले असतात त्यामुळे दोनच वाटतात, अशावेळी मिशा बघायच्या, मधमाशीच्या लांब आणि कोपरात वाकल्यासारख्या, या माशीच्या अगदी आखूड. आंब्याच्या मोहोराचं परागीभवन बऱ्याच अंशी माश्याच करतात हो, आणि या पट्टेवाल्यांपैकी कितीतरी जातींच्या अळ्या मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, खातात. ऐन फुलोऱ्यात सरसकट फवारणी केली की ही मंडळी आधी मरतात, याचं मला फार वाईट वाटतं.

तुडतुडे मात्र वेगळे. भिंगाखाली तुडतुडा उलटा करून बघा, डोक्याखालून एक बारीक सोंड पायांच्या मधे दुमडून ठेवलेली दिसेल. ती सुईसारखी खुपसून तो रस ओढतो आणि चिकटा सोडतो, मग त्या चिकट्यावर काळी बुरशी येते. ढेकूण याच गटातला, काजूवरचा ढेकण्या पण. त्या ढेकण्याला टी मॉस्किटो म्हणतात म्हणून लोकांना तो डासच वाटतो, पण पंख चार आहेत, तोंडाची सोंड आहे, आणि पाठीवर बघा, टाचणी उभी टोचून ठेवावी तसा एक काटा असतो, टोकाला गोल गाठ. एकदा तो काटा बघितलात की परत चुकणार नाही. कोवळी पालवी आणि मोहोर सुकतो तो याच्यामुळे.

भुंग्यांचं तसं सोपं आहे. पुढचे पंख कडक झाकणासारखे, पाठीच्या मधोमध सरळ रेषेत मिटलेले, तोंड चावणारं. जगात साधारण 4 लाख जातींना नावं दिलेली आहेत आणि आपला काजवासुद्धा त्यातलाच. माडावर दोन भुंगे येतात, गेंड्या आणि सोंड्या. गेंड्याच्या डोक्यावर शिंग, तो कोवळी सुरळी कुरतडतो, मग झाप उलगडला की कात्रीने कापल्यासारखा दिसतो. सोंड्या तांबूस, पुढे लांब सोंड, पण ही सोंड रस ओढायची नव्हे, हिच्या टोकाला जबडे असतात. अळ्यांवरूनही ओळखता येतं, गेंड्याची शेणखताच्या खड्ड्यात सापडते आणि तिला छातीशी सहा पाय असतात, सोंड्याची खोडाच्या आत आणि तिला पायच नसतात. म्हणून एकाचा बंदोबस्त खताच्या खड्ड्यापासून सुरू करावा लागतो, दुसऱ्याचा खोडापासून.

आंब्यातल्या अळीचंही तसंच. गरात वळवळते, वेगळं डोकं दिसत नाही, बाहेर काढली तर उडीही मारते, ती फळमाशीची. कोयीच्या आत असेल आणि डोकं स्पष्ट तपकिरी दिसत असेल तर ती कोयीतल्या भुंग्याची. फळमाशीसाठी आपण मिथाईल युजेनॉलचा, म्हणजे नर माश्यांना ओढणाऱ्या वासाच्या रसायनाचा सापळा लावतो ना, त्यात फळमाशीचे नर येतात, कोयीतला भुंगा येत नाही, तेव्हा कोयीत अळी निघाली म्हणून सापळ्याला नावं ठेवू नका.

पहिल्या पावसात दिव्याभोवती पंखवाले किडे येतात तेव्हा घरोघरी विचारतात, मुंग्या की वाळवी? कंबर बघा. बारीक कंबर, वाकलेल्या मिशा, पुढचे पंख मोठे आणि मागचे लहान, तर मुंगी. कंबरच नाही, मिशा मण्यांच्या माळेसारख्या सरळ, चारही पंख एकसारखे, तर वाळवी, आणि मग दारांच्या चौकटी, वासे तपासायला घ्या.

आता मला फोटो पाठवताना एवढं करा. एक वरून, एक बाजूने, एक पोटाकडून, मिशा फोटोत पूर्ण येऊ द्या, शेजारी रुपयाचं नाणं ठेवा. आणि कुठल्या झाडावर, पानावर की खोडावर, ते पण लिहा, त्याशिवाय नुसत्या फोटोवरून मी औषध सांगणार नाही.