पंढरपूरच्या आधी

(दृश्य: सकाळ. होटगी रोड. विमानतळाच्या कुंपणापलीकडे रिकामी धावपट्टी.)

२०२५ च्या जूनपासून सोलापूरहून गोव्याला विमान जाऊ लागलं. तेव्हापासून या कुंपणाशी गाडी लावून पोरांना विमान दाखवणारे आईबाप दिसतात. त्यांच्यात अधूनमधून एक वयस्कर गृहस्थ येऊन उभे राहतात. सगळे विमानाकडे बघत असतात, हे विंडसॉककडे, म्हणजे वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे. वारा कुठून आहे, किती आहे, ते बघून झालं की मग त्यांची नजर विमानाकडे वळते.

आपलं नाव सांगू नका, एवढी एकच अट त्यांनी आम्हाला घातली. विद्यार्थी त्यांना सर म्हणतात. आपणही सरच म्हणू.

सर सोलापूरचेच. वडील यंत्रमागावर होते. चार माग एकदम चालू असले तरी कुठला बिघडलाय ते त्यांना आवाजावरून कळायचं. सरांनी आयुष्यातली बरीच वर्षं अमेरिकेत काढली, लहान विमानं चालवायला शिकवण्यात. त्यातही एका खास जातीची विमानं: इंजिन एकच, पण ताकदवान.

तिथल्या नियमानुसार इंजिन २०० हॉर्सपॉवरच्या वर गेलं की ते विमान ‘हाय परफॉर्मन्स’ ठरतं. वैमानिकाचं लायसन खिशात असलं तरी ते तसंच चालवता येत नाही. आधी शिक्षकानं जमिनीवर शिकवायचं, मग हवेत शिकवायचं, आणि खात्री पटली की लॉगबुकात तसं लिहून सही करायची. ती सही सरांनी किती जणांना दिली, हे आम्ही विचारलं. किती जणांना नाकारली ते विचारा, म्हणाले. आणि तो आकडा काही सांगितला नाही.

(दृश्य: भिंतीवर बोनान्झा विमानाचा जुना फोटो. शेपूट इंग्रजी व्ही अक्षरासारखी.)

हे बीचक्राफ्ट बोनान्झा. पहिलं उड्डाण डिसेंबर १९४५ मध्ये, आणि १९४७ पासून ते ग्राहकांच्या हाती पडू लागलं. देखणं, वेगवान, महाग. पैसेवाले डॉक्टर ते विकत घ्यायचे. सराव मात्र साध्या, सावकाश विमानांवर झालेला. अपघात होत गेले, आणि या विमानाला ‘डॉक्टर मारणारं’ असं वाईट नाव पडलं. सरांना ते नाव बिलकुल आवडत नाही. माणूस मागं राहिला आणि विमान पुढं गेलं, एवढंच त्यात झालं, असं त्यांचं म्हणणं.

मागं राहिला म्हणजे काय, हे ते सोलापूरच्या नकाशावर समजावतात.

(दृश्य: टेबलावर जिल्ह्याचा नकाशा. सरांचं बोट पंढरपूरवर.)

पंढरपूर ते सोलापूर, सरळ रेषेत साधारण ६० किलोमीटर. शिकाऊ विमान ताशी २०० किलोमीटरनं आलं तर त्याला १८ मिनिटं लागतील. बोनान्झा ३००च्या वर जातं, त्याला १२ सुद्धा लागणार नाहीत. आता समजा साताऱ्याकडून ९,००० फुटांवरून येताय. सोलापूरची जमीन सुमारे दीड हजार फूट उंचीवर. धावपट्टीभोवती फेरी घ्यायची तर अडीच हजारांच्या आसपास यायला हवं. म्हणजे साडेसहा हजार फूट खाली यायचंय. मिनिटाला ५०० फूट हा बेताचा उतार. प्रवाशांचे कान दुखत नाहीत, आणि तापलेलं इंजिन एकदम गार पडत नाही. १३ मिनिटं झाली! चंद्रभागेचं वळण नाकासमोर दिसत असतानाच उतार सुरू झालेला पाहिजे. ज्याला मोहोळवर आल्यावर आठवण होते तो नाक खाली दाबतो, वेग वाढतो, चाकं बाहेर काढण्याची वेगमर्यादा ओलांडली जाते, आणि समोर सोलापूर आलेलं असतं.

“घाई कशाला करालास?” हे सरांचं पेटंट वाक्य. आवाज कधीच चढत नाही.

हे सांगताना ते सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेतल्या नंदीध्वजांवर येतात. एवढी उंच काठी पेलणाऱ्या माणसाची नजर वर, शेंड्याकडे असते. काठी कलल्यावर सावरायला धावून उपयोग नसतो, कलण्याआधीच पाऊल हललेलं असतं. लहानपणी ते मानकऱ्यांच्या पायांकडे बघत मिरवणुकीबरोबर चालायचे. आम्हाला वाटतं, त्यांचं शिकवणं तिथंच सुरू झालं असावं.

पायांवरून आठवलं. ताकदवान इंजिनाला पूर्ण जोर दिला की विमानाचं नाक डावीकडे ओढलं जातं. पंखा वैमानिकाच्या बाजूनं बघताना घड्याळाच्या काट्यांसारखा फिरतो, आणि त्याचे सगळे परिणाम मिळून ही ओढ तयार होते. उपाय म्हणजे उजवा पाय: उजवं पेडल दाबून नाक सरळ ठेवायचं. सगळ्यात धोक्याची वेळ उड्डाणाची नाही. उतरता उतरता काही चुकलं म्हणून पुन्हा वर जायचं ठरतं, तेव्हाची. वेग कमी, जमीन जवळ, आणि घाबरलेला हात एकदम सगळी ताकद देतो. नाक वर उसळतं, डावीकडे वळतं. सर हा एकच प्रकार तासभर करून घेत. उंचावर, कोरी हवा बघून.

आणि हे सगळं कित्येकदा हाताशी काही नसताना! जुन्या बोनान्झांत स्टिअरिंग एकच असायचं, मधल्या खांबावरून या किंवा त्या बाजूला वळवता येणारं. ते विद्यार्थ्यापुढं वळवलं की शिक्षकाचे हात मोकळे. अशा विमानात शिकवण्यासाठी तिथल्या नियमांत खास अटी आहेत. सर सांगतात, ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसायचे, म्हणजे विद्यार्थ्याला दिसावं की आपल्यावर विश्वास आहे. तळव्यांना घाम फुटलेला असायचा, तो पँटला पुसायचा.

(दृश्य: दुपार. तापलेली धावपट्टी, वर लहरणारी हवा.)

हा आपला उन्हाळा. पारा ४२ वर गेला की इथली हवा इतकी विरळ होते, की धावपट्टीवर उभं विमान जणू पाच हजार फुटांवर असल्यासारखं वागतं. इंजिनाची ताकद घटते, पंखाची पकड घटते, धाव लांबते, चढ मंदावतो. विमानांच्या वाटेत येते म्हणून साखर कारखान्याची ९२ मीटरची चिमणी २०२३ च्या जूनमध्ये पाडली गेली. तिच्याभोवतीचा वाद मोठा होता, त्यात दोन्हीकडच्यांची पोटं होती. सर त्यावर बोलत नाहीत. दुपारी दोनला भरलेल्या विमानाला समोरचे ९२ मीटर किती उंच वाटतात, तेवढं मात्र कागदावर गणित मांडून दाखवतात.

आणि इंजिन बंदच पडलं तर? एकच तर आहे. उडाल्या उडाल्या बंद पडलं तर धावपट्टीकडे मागं वळायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. वळणात उंची आणि वेग दोन्ही जातात. समोर जे रान आहे ते घ्यायचं. ज्वारी काढून झालेलं असेल तर उत्तम. नांगरट असेल तर तासांच्या, म्हणजे सरींच्या दिशेनं. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतून विमान उलटू शकतं, तेव्हा बांध चुकवून कठीण जागा शोधायची. एसटीतून अक्कलकोटला जातानाही सर खिडकीतून शेतं निवडत असतात.

(दृश्य: संध्याकाळ. सरांच्या घरची गच्ची. प्लास्टिकच्या खुर्चीत एक मुलगी डोळे मिटून बसलेली, हातात स्टीलची ताटली.)

ही लवकरच वैमानिक प्रशिक्षणाला जाणार आहे. ताटली म्हणजे स्टिअरिंग. सर शेजारच्या खुर्चीत, हात मांडीवर.

“कुठं आलीस?”

“पंढरपूर गेलं, सर. मोहोळ दिसतंय.”

“उंची?”

ती डोळे उघडते. ताटली मांडीवर ठेवते. खाली रस्त्यावरून कुणीतरी शेंगा चटणीवाल्याला हाक मारतं.

“पुन्हा,” सर म्हणतात. “म्हसवडपासून.”