आधी अंगठे, मग ड्रोन

नवशिक्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कुठला ड्रोन घेऊ? आज त्याचं उत्तर मी थोडं पुढे ढकलणार आहे, कारण पहिली खरेदी ड्रोनची नसावी, रिमोटची असावी. असं का, ते आधी सांगतो.

दुकानात दाखवतात तो कॅमेऱ्याचा ड्रोन रिमोटची स्टिक (अंगठ्याने हलवायची दांडी) सोडली की हवेत जागच्या जागी थांबतो. त्यात उडवणाऱ्याचं कसब काहीच नसतं. उपग्रहांवरून जागा, बॅरोमीटरवरून उंची, कंपासवरून दिशा, आणि पोटाखालच्या कॅमेऱ्यातून जमीन किती सरकली याचा अंदाज, एवढं सगळं जुळवून यंत्र स्वतःला धरून ठेवतं. आता हेच यंत्र ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या उंच टॉवरांच्या मध्ये न्या. निम्मं आकाश इमारतींनी झाकलेलं असतं. उपग्रहांचे सिग्नल भिंतींवर आणि काचांवर आपटून येतात आणि जागेचा हिशेब काही मीटरनी चुकतो. सोसायटीची गच्ची तर त्याहून वाईट. स्लॅबमधल्या लोखंडी सळयांमुळे कंपास चुकीची दिशा दाखवतो, आणि ड्रोन थांबायचा सोडून घिरट्या घालतो. प्रत्येक फेरीला घेर वाढत जातो. गच्चीवर कंपास कॅलिब्रेट केला, म्हणजे त्याची दिशा नव्याने जुळवून घेतली, तर ती चूक यंत्रात साठून राहते आणि पुढे मोकळ्या मैदानातही सोबत येते. जीपीएस सुटलं की ड्रोन उंची तेवढी राखतो आणि वाऱ्याबरोबर वाहू लागतो. अशा वेळी जे करायचं ते अंगठ्यांना विचार न करता यायला हवं, आणि ते जीपीएसवाल्या ड्रोनवर शिकता येत नाही.

म्हणून रिमोट. यूएसबीने संगणकाला जोडता येणारा, ईएलआरएस प्रणालीचा (रिमोट आणि ड्रोन यांना जोडणारी रेडिओ प्रणाली) साधा रिमोट पुरतो. रेडिओमास्टर पॉकेट हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. मांडणी ‘मोड 2’ची घ्या: डाव्या स्टिकवर थ्रॉटल (मोटरींचा जोर) आणि यॉ (जागच्या जागी वळणं), उजव्या स्टिकवर पिच (पुढे-मागे झुकणं) आणि रोल (डावी-उजवीकडे झुकणं). या रिमोटची थ्रॉटल स्टिक सोडली तरी मध्यावर परत येत नाही. जिथे ठेवाल तिथे राहते, आणि उंची राखणं पूर्णपणे तुमच्या बोटांवर येतं. सुरुवातीला हे जाचतं, पण खरं शिक्षण इथेच होतं.

संगणकावर लिफ्टऑफ, वेलोसिड्रोन किंवा अनक्रॅश्ड यांपैकी एक सिम्युलेटर, म्हणजे पडद्यावर ड्रोन उडवायचं सॉफ्टवेअर, घाला. रोज अर्धा तास पुरे. सलग तीन तास बसलात तर शेवटच्या दोन तासांत चुकाच पक्क्या होतात. सगळे मिळून किमान दहा तास तरी सिम्युलेटरवर काढा. आधी ‘अँगल’ मोड, ज्यात उजवी स्टिक सोडली की ड्रोन आपोआप सपाट होतो. एका जागी तरंगणं, मग चौकोन, मग इंग्रजी आठचा आकडा. त्यानंतर ‘अ‍ॅक्रो’ मोड. त्यात ड्रोन सपाट होत नाही, जेवढा झुकवला तेवढाच झुकलेला राहतो.

सगळ्यात जास्त वेळ द्यायचा तो ड्रोनचं नाक आपल्याकडे असतानाच्या सरावाला. तेव्हा डावं-उजवं उलटं होतं आणि बहुतेक धडका याच स्थितीत बसतात. यावर जुनी, हमखास युक्ती आहे: नाक आपल्याकडे असताना ड्रोनची जी बाजू खाली झुकलेली दिसेल, त्याच बाजूला स्टिक ढकला, म्हणजे तो सरळ होतो. वाचून हे डोक्यात बसत नाही. हातात बसेपर्यंत करत राहावं लागतं.

आता ड्रोन. पहिला ड्रोन ‘व्हूप’ असावा: तिरक्या समोरासमोरच्या मोटरींमधलं अंतर 65 मिलिमीटर, पंख्यांभोवती प्लास्टिकची कडी, एका सेलची 300 एमएएचची (एमएएच म्हणजे बॅटरीच्या क्षमतेचं माप) बॅटरी, वजन जेमतेम मूठभर. भिंतीवर आपटला तरी बहुधा भिंतीला काही होत नाही आणि त्यालाही नाही. एका बॅटरीवर तीन-चार मिनिटं उडतो, म्हणून बॅटऱ्या सहा घ्या. रिमोटशी जुळणारा रिसीव्हर (सिग्नल घेणारा भाग) त्यात आहे ना, हे विकत घेण्याआधी बघा. पूर्ण बांधलेल्या परदेशी ड्रोनच्या आयातीवर फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, सुट्या भागांवर नाही. त्यामुळे ‘बाहेरून मागवून देतो’ म्हणणाऱ्याकडून बिलाशिवाय काही घेऊ नका.

संगणकाला जोडून बीटाफ्लाइट या सॉफ्टवेअरमध्ये ड्रोनचं सेटिंग करताना बॅटरी लावायची असेल, तर चारही पंखे काढलेले असले पाहिजेत. या नियमाला अपवाद नाही. पंखा काढताना वरून ओढू नका, मोटरची घंटी (वरचा फिरणारा भाग) निसटते आणि आतल्या बारीक तारा तुटतात. खालून दोन्ही बाजूंनी सारखं उचकटा. पंखे काढलेलेच असताना फेलसेफ, म्हणजे रिमोटचा सिग्नल तुटल्यावर मोटरी आपोआप थांबण्याची सोय, तपासा: मोटरी चालू करा आणि रिमोट बंद करा. क्षणात मोटरी थांबल्या तरच पुढे जायचं.

पहिल्याच उड्डाणात ड्रोन उलटला, तर दहापैकी नऊ वेळा पंखे चुकीच्या मोटरींवर बसलेले असतात. तिरक्या समोरासमोरच्या मोटरी एकाच दिशेने फिरतात, शेजारच्या उलट दिशेने, आणि प्रत्येक दिशेचा पंखा वेगळा. उलटत नाही पण एका बाजूला सतत सरकतो? मग अ‍ॅक्सेलरोमीटर (झुकाव ओळखणारा सेन्सर) पुन्हा कॅलिब्रेट करा, तेही खरोखर सपाट जागेवर. बाल्कनी आणि बाथरूमची फरशी पाणी जायला उतार देऊन बसवलेली असते, तिथे करू नका. एखादी मोटर गरम लागत असेल किंवा किरकिरत असेल, तर दांड्याभोवती केस किंवा गालिचाचा धागा गुंडाळलेला सापडेल. चिमट्याने काढला की झालं. आणि धडक बसली की पहिलं काम डिसआर्म, म्हणजे रिमोटवरून मोटरी बंद करणं. अडकलेल्या पंख्यावर थ्रॉटल देत राहिलं की मोटर जळते.

बॅटरीवर जरा थांबतो, कारण घरात आग लागू शकते ती या छंदातल्या याच एका वस्तूमुळे. साधा लायपो (लिथियम पॉलिमर) सेल 4.20 व्होल्टला पूर्ण भरतो, एचव्ही (जास्त व्होल्टेजच्या) प्रकारचा 4.35 ला, चार्जरवर प्रकार चुकीचा निवडला तर साधा सेल जास्त भरतो आणि फुगतो. 300 एमएएचची बॅटरी 0.3 अँपिअरने भरा, साधारण तासभर लागतो. उडताना 3.5 व्होल्ट दिसले की परत फिरा, 3.3 च्या आत जमिनीवर या. उतरल्यावर बॅटरी कोमट असते, थंड होईपर्यंत चार्जिंगला लावू नका. दोन-तीन दिवस उडवायचं नसेल तर 3.8 च्या आसपास आणून ठेवा. भरलेली किंवा रिकामी ठेवलेली बॅटरी लवकर मरते. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. गादीवर नाही, रात्री झोपताना तर नाहीच. फुगलेली बॅटरी कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. मे महिन्यात बंद गाडीत बॅटऱ्या ठेवू नका.

उडवायचं कुठे? व्हूपसाठी ठाणे-नवी मुंबईत सगळ्यात चांगली जागा म्हणजे बॅडमिंटनचा हॉल. कोर्ट 13.4 मीटर लांब, 6.1 मीटर रुंद; नेटचे दोन खांब आठच्या आकड्यासाठी आयतेच उभे असतात आणि वारा नसतो. सोसायटीच्या समितीला विचारून दुपारची रिकामी वेळ मागून घ्या.

बाहेर उडवायचं तर 2021 चे ड्रोन नियम माहीत हवेत. 250 ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे 2 किलोपर्यंत मायक्रो. बॅटरीसकट वजन धरायचं. हौसेसाठी 2 किलोपर्यंतचा ड्रोन उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. मायक्रो ड्रोनने पैसे घेऊन लग्नाचं शूटिंग करायचं असेल तर लागतं. त्यासाठी वय 18 ते 65, दहावी उत्तीर्ण आणि मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण. ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यायचा असतो, शुल्क 100 रुपये. ग्रीन झोनमध्ये, म्हणजे पूर्वपरवानगी लागत नाही अशा भागात, कमाल उंची 400 फूट. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फूट, आणि 8 किलोमीटरच्या आत जमिनीपासूनच परवानगी लागते. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर 2025 मध्ये सुरू झाल्यापासून हा मुद्दा पुस्तकी राहिलेला नाही: उलवे, पनवेल, कामोठे, बेलापूर, खारघर, नेरूळ ही सगळी वस्ती त्याच्या जवळची आहे. ठाण्याचं येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, आणि ठाणे खाडीचा फ्लेमिंगो अभयारण्याचा भाग पक्ष्यांचा आहे. दोन्हीकडे ड्रोन नेऊ नका. याशिवाय पोलीस वेळोवेळी मनाई आदेश काढतात, आणि तात्पुरता रेड झोन (उड्डाणाला मनाई असलेला भाग) 96 तासांपर्यंत लागू करता येतो. म्हणून ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा आणि स्थानिक पोलिसांचे आदेश दर वेळी नव्याने बघायचे.

हॉलमध्ये आठचा आकडा दोन्ही दिशांनी नीट जमू लागला, की कॅमेऱ्याचा ड्रोन खुशाल घ्या. तो सकाळी नऊच्या आत उडवा, दुपारी खाडीकडून वारा चढतो. जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे परतताना कमी बॅटरीत वारा मदतीला असेल. उलट केलंत तर अर्धी बॅटरी शिल्लक असूनही यंत्र घरी पोहोचत नाही. ‘रिटर्न टू होम’ची (ड्रोन आपोआप परत येण्याच्या सोयीची) उंची आसपासच्या सगळ्यात उंच इमारतीपेक्षा जास्त हवी. 30 मजल्यांचा टॉवर 90 मीटरच्या पुढे जातो आणि परवानगीची कमाल उंची 120 मीटर, म्हणजे हातात फार जागा उरत नाही. टॉवर याहून उंच असतील तर तिथे उडवूच नका. जून ते सप्टेंबर पाऊस, तेव्हा बाहेरचं उड्डाण बंद. संक्रांतीच्या आठवड्यातही बंद, कारण मांजा पंख्यात शिरला की मोटर लगेच अडकते. आणि घारी घिरट्या घालताना दिसल्या तर ड्रोन उतरवून घ्या. घार अंगावर आलीच, तर सरळ वर चढा. तिला उभं चढणं जमत नाही. ती दूर गेली की उतरा.